विद्येचा समवाय

छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू वयाच्या बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि सगळे वेद पढून चोविसाव्या वर्षी घरी परतला, तेव्हा त्याच्या वडिलांना, उद्दालक आरुणींना, मुलाच्या विद्वत्तेआधी त्याचा ताठा दिसला. बारा वर्षांत जे जे मुखोद्गत करायचे ते त्याने केले होते, जे विचारले जाण्यासारखे होते त्याची उत्तरे त्याच्या जिभेवर तयार होती. आणि तरीही, ज्या एकाच्या ज्ञानाने न ऐकलेले ऐकल्यासारखे व न जाणलेले जाणल्यासारखे होते ते तू आपल्या आचार्यांना विचारलेस काय, या वडिलांच्या प्रश्नापुढे तो निरुत्तर झाला. पुढे त्या घरात जे अध्यापन झाले ते मला आपल्याकडील सगळ्या शिक्षणविचाराचे आद्य प्रकरण वाटते. त्या अध्यापनाची साधने पाहावीत: मातीचा एक गोळा, सोन्याचा तुकडा, नखे कापायचे लोखंडी हत्यार, वडाचे एक फळ, मिठाचा खडा आणि पाण्याचे भांडे. गुरुगृही जे बारा वर्षांत हाती लागले नव्हते ते घरातल्या या वस्तूंमधून वडिलांनी मुलाला दाखवले.

यांतला सर्वांत धाडसी पाठ उपवासाचा आहे. मन हे अन्नमय आहे, असे वडील म्हणाले, आणि मुलाने ते अधिक समजावून मागितले. तेव्हा आणखी स्पष्टीकरण करीत बसण्याऐवजी, पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवे तितके पी, एवढेच त्यांनी सांगितले. त्यानंतर मुलगा समोर आला तेव्हा ऋचा, यजू आणि सामे म्हणून दाखव असे सांगताच तो म्हणाला की, मला त्यांतले काहीच आठवत नाही. मग वडिलांनी त्याला जेवायला पाठवले, आणि जेवून आल्यावर जे विचारावे ते त्याला येऊ लागले. साक्षात वेद, ज्याला या परंपरेने अपौरुषेय मानले, तोही रिकाम्या पोटी माणसाच्या ठायी टिकत नाही, ही गोष्ट एका ऋषीने स्वतःच्या मुलाच्या देहावर प्रयोग करून सिद्ध करावी आणि उपनिषदाने ती जशीच्या तशी नोंदवून ठेवावी, यात विलक्षण प्रामाणिकपणा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्राथमिक शाळांतून मुलांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि तेव्हापासून आपल्या शाळांत दुपारी खिचडी शिजते. त्या खिचडीकडे आपण दयेचा किंवा हजेरीपट वाढवण्याचा भाग म्हणून पाहतो. उद्दालकांच्या दृष्टीने ती ज्ञानमीमांसेचा भाग आहे, आणि ज्या वर्गात डाळ-तांदळाचे ते पातेले रोज येते त्या वर्गात अन्नाचा पाठ केवळ पुस्तकातून शिकवला जावा हे मला फार खेदाचे वाटते.

मिठाचा पाठ सर्वांना ठाऊक आहे. रात्री पाण्यात टाकलेले मीठ सकाळी हाताला लागत नाही; पण वरचे पाणी चाखले तरी ते खारट, मधले चाखले तरी खारट, तळचे चाखले तरी खारट. या पाठाचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारले तर काही नाही असेच उत्तर द्यावे लागेल, कारण मीठ पाण्यात विरघळते हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणाही माणसाला ठाऊक असते आणि श्वेतकेतूलाही ते ठाऊक असणारच. नवीन होती ती त्या ठाऊक असलेल्या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी. शिक्षणाचा जीवनाशी संबंध जोडावा असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपल्या मनात एवढेच असते की वर्गात शिकलेले पुढे कुठेतरी कामी यावे, त्याने चार पैसे मिळावेत, निदान बाजारात फसवणूक होऊ नये. ही अपेक्षा गैर नाही, आणि ज्यांच्या घरी चार पैशांची वानवा आहे त्यांनी ती धरावी यात कमीपणाही नाही. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ज्याला शाळेतले सारे गणित व्यवहारात वापरता येते, जो व्याजाचा हिशेब चोख करतो, तो पदवीधर ग्रहणाच्या कारणाची आकृती परीक्षेत बिनचूक काढून घरी आल्यावर गरोदर बहिणीला ग्रहण सुटेपर्यंत अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवतो, तेव्हा त्याच्या शिक्षणात उपयोगाची उणीव नसते. एकाच देहात दोन माणसे नांदत असतात आणि त्यांची परस्परांशी ओळख झालेली नसते, ही त्या शिक्षणातली उणीव आहे. पहिला माणूस चंद्राची छाया जाणतो, दुसऱ्याला तिचे भय वाटते. आणि पहिल्याने दुसऱ्याला दोन शब्द सांगावेत असे त्याला कोणी कधी सुचवलेले नसते.

म्हणून प्रश्न संबंधाच्या प्रकाराचा आहे. आपल्या वैशेषिक दर्शनाने संबंधाचे जे विवेचन केले आहे ते इथे कामी येते. संयोग हा एक संबंध, आणि त्याचे शास्त्राने दिलेले उदाहरण असे की ससाणा उडत येऊन लाकडाच्या खुंटावर बसतो. संबंध खरा असतो, पण ससाणा उडाला की तो संपतो, खुंट होता तसाच राहतो आणि ससाणाही होता तसाच राहतो. समवाय हा दुसरा, आणि त्याचे उदाहरण तंतू आणि पट यांचे. पट तंतूंवाचून क्षणभरही राहू शकत नाही, तो जिथे आहे तिथे तंतूंच्याच ठायी आहे. पाठ्यपुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणांत रामू दहा आंबे आणतो आणि श्यामूला चार देतो तेव्हा त्या आंब्यांचा गणिताशी असलेला संबंध संयोगाचा असतो. आंब्यांच्या जागी खडू घातले तरी काही बिघडत नाही, आणि त्या उदाहरणाने मुलाला आंब्याविषयी, देण्याविषयी किंवा चार या संख्येविषयी नवे काहीही कळत नाही. आपल्या शाळांतून जीवनाशी नाते जोडण्याचे जे प्रयत्न होतात त्यांतले बरेचसे या जातीचे असतात. शिक्षक श्रम घेतो, चित्रे आणतो, गोष्टी सांगतो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तास संपला की जीवन एकीकडे उडून जाते आणि धडा दुसरीकडे राहतो.

समवाय हे नाव आपल्याकडच्या एका मोठ्या शैक्षणिक प्रयोगाने स्वीकारले होते, याचे स्मरण इथे अगत्याचे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षणपरिषद भरली तिने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, आणि उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण या गोष्टी मान्य केल्या, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यांचा अभ्यासक्रम तयार केला. ज्ञान कर्मातून उगवावे, कर्मावर बाहेरून चिकटवू नये, हा त्यामागचा विचार मला आजही निर्दोष वाटतो. अंमल मात्र निर्दोष झाला नाही. ज्या शिक्षकाला कापसाविषयी, जमिनीविषयी, विणकाम करणाऱ्या कुटुंबाच्या हलाखीविषयी स्वतःला जिज्ञासा होती त्याच्या हाती टकळीतून भूगोल आणि इतिहास खरोखर उलगडला असेल. परंतु तो विचार सरकारी दफ्तरांत शिरून परिपत्रकांच्या रूपाने खाली उतरला तेव्हा टकळी हा वेळापत्रकातला आणखी एक तास झाला, आणि प्रत्येक विषयाला कसेबसे ओढून सुतापर्यंत आणण्याचे जे कष्ट शिक्षकांना पडले त्यांत समवायाचा पुन्हा संयोग झाला. शिवाय मुलांच्या श्रमाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा ही जी अपेक्षा त्या ठरावात होती तिने शाळेच्या दारातच जमाखर्चाची वही आणून ठेवली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, तो आपल्या बहुतेक शाळांत कागदी फुलांच्या तासापुरता उरला. आणि २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडणे हे आपले पहिलेच मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिले. तेच मागणे पुन्हापुन्हा करावे लागते याचा अर्थ ते मागणे करणारे अजून थकलेले नाहीत, एवढा तरी आहे.

समवाय कसा असतो हे पाहायचे तर मी भास्कराचार्यांच्या लीलावतीकडे बोट दाखवीन. ११५० साली सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात भुंगे, कमळे, साप आणि मोर यांची जी रमणीय उदाहरणे आहेत त्यांचे कौतुक फार झाले. मला तिथले धान्याच्या राशीचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. सपाट जमिनीवर ओतलेल्या धान्याची रास आपोआप जो आकार घेते त्याची उंची धान्याच्या जातीवर अवलंबून असते, असे आचार्य सांगतात: जाड धान्याची उंची परिघाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बारीक धान्य निसटते म्हणून त्याची अकराव्या हिश्शाइतकी, आणि कुसे असलेले धान्य एकमेकांत अडकून राहते म्हणून त्याची नवव्या हिश्शाइतकी. मग परिघाचा सहावा भाग घ्यावा, त्याचा वर्ग करावा, उंचीने गुणावे, की घनफळ मिळाले. परीघ साठ हात असेल तर जाड धान्याची उंची सहा हात आणि घनफळ सहाशे घनहात. बारीक धान्याचे त्याच परिघात साडेपाचशेच्याही आत, आणि कुसाच्या धान्याचे साडेसहाशेच्या वर. रास भिंतीला टेकलेली असेल तर काय करावे, कोपऱ्यात असेल तर काय, भिंतीच्या बाहेरच्या कोनाला वेढून पसरली असेल तर काय, हेही तिथे दिलेले आहे. इथे धान्याच्या जागी खडू घालता येत नाहीत. दाण्याचा खरखरीतपणा सूत्राच्या आत शिरलेला आहे, खळ्याची भिंत सूत्राच्या आत शिरलेली आहे, आणि शेतकऱ्याची बोटे जे जाणतात ते गणिताने मानाने आत घेतलेले आहे.

आता मळणीयंत्रातून दाणे थेट पोत्यात पडतात आणि खळी दिसेनाशी झाली, हे मला ठाऊक आहे. पण शहरातल्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर बांधकामाच्या वाळूचा ढीग असतोच. वाळू ब्रासने विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे त्या मुलाच्या चुलत्याला, गवंड्याला, ट्रकवाल्याला माहीत असते. शाळेत मात्र शंकूचे घनफळ शिकताना ब्रास हा शब्द उच्चारला जात नाही. शिक्षकाने एक सुतळी आणि एक पट्टी घेऊन मुलांना त्या ढिगापाशी न्यावे. परीघ तीस फूट भरला आणि उंची तीन फूट भरली, तर पाचाचा वर्ग पंचवीस, गुणिले तीन, पंचाहत्तर घनफूट. म्हणजे मालकाने एक ब्रासचे पैसे दिले असतील तर त्याला पाऊणच मिळाली. मग कोणी चौकस मुलगी विचारील की पुस्तकातल्या सूत्राने तर सुमारे एकाहत्तर-बाहत्तर येतात. तेव्हा वर्तुळाचे गुणोत्तर भास्कराचार्यांनी इथे व्यवहारापुरते तीन धरले आहे, त्याचे सूक्ष्म मान त्यांना ठाऊक होते आणि त्याच ग्रंथात त्यांनी ते दिले आहे, हे सांगावे, आणि चूक शेकडा किती येते ते तिलाच काढू द्यावे. ओल्या वाळूचा ढीग उंच का उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा बसका का होतो, हा प्रश्न त्या दिवशी कोणी ना कोणी काढतोच, आणि त्या प्रश्नाचा तास वेळापत्रकात कुठे बसवावा याची चिंता शिक्षकाने करू नये.

त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला, आणि १२०७ च्या सुमाराच्या तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गावच्या पेठेतल्या व्यवहारावर मठाचे जे हक्क बसवले ते त्यात नोंदलेले आहेत. चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, हाही त्यांतलाच एक. ज्योतिष आणि गणित शिकवणारी पाठशाला गावातल्या तेल्याच्या पळीवर चालत होती, आणि ती नोंद तेल्याला वाचून दाखवली तर कळेल अशा भाषेत कोरलेली होती. त्या तेल्याच्या मुलाला त्या मठात प्रवेश होता काय, हा प्रश्न मात्र तो शिलालेख वाचताना मनातून जात नाही.

आणि इथे एका आक्षेपाला सामोरे गेले पाहिजे, ज्याला बगल देऊन या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. दैनंदिन जीवन, दैनंदिन जीवन असे आपण जे म्हणतो ते कोणाचे? ज्याच्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामाला जुंपून ठेवले त्याच्या मुलाला शाळेने पुन्हा त्याच कामाच्या अनुभवातून शिकवावे, याचा अर्थ त्याला तिथेच बांधून ठेवणे असा होऊ शकतो, आणि शाळा ही ज्यांना त्या जीवनातून बाहेर पडण्याची एकमेव वाट वाटली त्यांना ही जोडणीची भाषा संशयास्पद वाटली तर त्यांचे काय चुकले? डॉ. आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात सगळ्यांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने वरून पाणी सोडले तर प्यायचे, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. त्या शाळेचा बाहेरच्या जीवनाशी संबंध तुटलेला होता असे कोण म्हणेल? गावातली विषमता वर्गाच्या उंबरठ्यावर क्षणभरही न थांबता जशीच्या तशी आत आली होती. तुटले होते ते एवढेच, की पाण्याविषयी पुस्तकात जे लिहिले असेल त्याला त्या नळापाशी बोलण्याचा अधिकार नव्हता. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले तेव्हा तो अधिकार मागितला गेला. म्हणून जीवन वर्गात यावे असे म्हणताना, वर्गातल्या सत्याने बाहेर जाऊन जीवनाचा झाडा घ्यावा हेही त्याच दमात म्हटले पाहिजे. या दोन्ही गोष्टी मिळून समवाय होतो.

महात्मा फुल्यांनी हे दोन्ही एकदम पाहिले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती मागितली, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत, असे सांगितले. मुलाला नांगरालाच जखडून ठेवण्यासाठी त्यांनी हे मागितले नाही. ज्या घरात नांगर आहे त्या घराला शाळेने अडाणी ठरवू नये, आणि त्या घरातल्या मुलाला आपण शिकू लागलो म्हणजे आपल्या बापापासून दूर गेलो असे वाटू नये, हे त्यामागे आहे असे मी मानतो. अनेक पालकांची तक्रार असते की मुलगा शाळेत जाऊ लागला तसा तो घरच्या कामाला कमीपणा मानू लागला. ती तक्रार मुलाविषयी नसून शाळेविषयी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवले, एका पंगतीला बसवले, त्यांच्याकडून शेतात काम करवून घेतले, त्यात श्रमाचा सन्मान आणि जातीचा निषेध एकाच कृतीत होता. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून प्रथम बोर्डीला व नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले त्यातल्या कुरणशाळेचे मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटते: गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने गुरांच्या मागे कुरणात जावे. गारगोट्या, बिया, पाने, शिंपले ही तिथली शिक्षणसाधने. मुलगा गुराखी राहावा म्हणून कोणी कुरणात गेले नव्हते. तो आज जिथे उभा आहे तिथूनच ज्ञानाची वाट निघते, एवढा विश्वास त्याला द्यायचा होता.

याच विश्वासाची आजची एक कसोटी मी नेहमी सुचवतो, आणि ती म्हणजे सातबारा. आपल्या खेड्यांतली मुले हेक्टर आणि आर शिकतात, एक हेक्टर म्हणजे शंभर आर हे पाठ करतात. घरी मात्र एकर आणि गुंठे चालतात, आणि एक गुंठा जवळजवळ एका आराएवढाच भरतो ही सोपी गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. घरच्या उताऱ्याची एक नक्कल मुलाने वर्गात आणावी. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा कागद होतो. वर जमिनीवरचे हक्क, खाली पिकांची नोंद. क्षेत्र शून्य पूर्णांक एक्याऐंशी हेक्टर असेल तर ते ऐंशी गुंठे, म्हणजे दोन एकर. पोटखराबा किती, आकार किती, इतर अधिकारात कोणाचे नाव, फेरफार क्रमांक कोणता, हा एकेक रकाना मुलांना वाचता आला की गणित, भूगोल, इतिहास यांना निराळे बोलवावे लागत नाही. पोटखराब्यापाशी खडक आणि ओढा येतो, इतर अधिकारापाशी सोसायटीचे कर्ज आणि कुळकायदा येतो, आणि फेरफारापाशी आजोबांचा मृत्यू येतो.

आणि तिथेच नागरिकशास्त्रही येते. समजा, आजी-आजोबांच्या पश्चात वारस चार: वडील, काका आणि दोन आत्या. अपूर्णांकाचा पाठ सांगतो, ऐंशीचे चार समान भाग, प्रत्येकी वीस गुंठे. संविधानाचा पाठ सांगतो, कायद्यापुढे सर्व समान, लिंगावरून भेदभाव नाही. हिंदू कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्याने दिला आणि २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्या देशाला लागू झाला. उताऱ्यावर मात्र नावे दोनच, आणि फेरफाराच्या नोंदीत लिहिलेले की बहिणींनी राजीखुशीने हक्कसोडपत्र करून दिले. दिवाळीला ताटभर फराळ घेऊन येणारी, भाऊबीजेला एका साडीवर संतुष्ट होणारी ती आत्या त्या कागदावर नाही. काही वेळा बहीण खरोखर मनापासून सोडते, तिची परिस्थिती बरी असते, भावाची ओढगस्तीची असते, आणि माहेर तुटू नये हे तिला वीस गुंठ्यांहून मोठे वाटते. त्या भावनेला मी हसणार नाही. पण तिला विचारले गेले होते काय, की नोंदणी कचेरीत सही कुठे करायची एवढेच दाखवले गेले होते, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात उठला तर वर्गातले ज्ञान प्रथमच त्याच्या घरात शिरले असे म्हणता येईल. त्याने घरात भांडण काढावे असे मी म्हणत नाही. त्याने तो प्रश्न मनात वागवावा, आपली बहीण मोठी झाली की तो त्याला आठवावा. एवढ्यासाठी शाळेची दहा वर्षे खर्च झाली तरी ती सार्थकी लागली असे मी समजेन.

शिक्षकांना हे अवघड जाते, आणि ते का जाते हे त्यांनाही ठाऊक असते. मिठाचा पाठ देणारा स्वतः सुरक्षित असतो. सातबाऱ्याचा पाठ देणारा नसतो. तैत्तिरीय उपनिषदातला आचार्य अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला सत्य बोल, धर्माने वाग, स्वाध्यायात चुकू नकोस असे सांगता सांगता एक गोष्ट सांगतो, जिचा आपल्या गुरुभक्तीच्या गौरवांत फारसा उल्लेख होत नाही: आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू घे, बाकीची घेऊ नकोस. म्हणजे गुरूचे आचरण तपासण्याचा अधिकार गुरूनेच शिष्याच्या हाती दिला. हा अधिकार ज्या वर्गात दिला जाईल त्या वर्गात आज ना उद्या कोणी मुलगी हात वर करून विचारील, "गुरुजी, तुमच्या उताऱ्यावर तुमच्या बहिणीचं नाव आहे का?" हा विषय अभ्यासक्रमात नाही असे उत्तर तिला देता येईल, आणि तसे उत्तर दिल्याबद्दल कोणताही विस्तार अधिकारी कारणे दाखवा नोटीस काढणार नाही. पण नाव नसेल तर गुरुजींनी तसे वर्गाला सांगावे, सुट्टीत गावी जाऊन भावाशी आणि बहिणीशी बोलावे, तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल काढावी, आणि जे काही ठरले असेल, मनासारखे किंवा मनाविरुद्ध, ते परत येऊन त्याच मुलांना सांगावे, असे माझे आग्रहाचे मागणे आहे.